सांगून टाकलेला चेंडू

साबाना बुएयच्या बेसबॉल मैदानावर फेयो मार्ते खुर्ची उलटी करून बसला होता आणि नेरेइदा बाएसला समजावत होता, की तिनं आता स्वतःचे आणि आपल्या गाडीचे हाल थांबवावेत.

"बाई, तिसऱ्यांदा आलात. पोरगा तोच, हात तोच. तुमच्या बंदुकीवरचा आकडा काही वाढायचा नाही."

वेग मोजायची ती बंदूक नेरेइदाच्या मांडीवर पडली होती आणि आकडा खरंच वाढत नव्हता. ताशी चौऱ्याऐंशी मैल. समोर मातीच्या उंचवट्यावर लेउरिस तेखेदा चेंडू फेकत होता. सतरा वर्षांचा, डावखुरा, मनगटं मुलीसारखी बारीक. या बेटावर नव्वदच्या आत फेकणाऱ्या पोराकडे कुणी ढुंकून बघत नाही. चार-पाच क्लबांची माणसं आली, आकडा बघितला, फेयोच्या बायकोनं केलेली कॉफी प्यायली आणि गेली. फेयोनं त्याला लहानपणापासून शिकवलं होतं, स्वतःच्या घरी जेवू घातलं होतं. पण आता तोही म्हणू लागला होता, की पोरानं मोटारसायकल दुरुस्तीचं काम शिकून घ्यावं.

नेरेइदा देशाच्या संघातून सॉफ्टबॉल खेळलेली. तीही चेंडू फेकणारीच, पिचर. खांदा गेल्यावर तिनं एका क्लबासाठी पोरं पारखायचं काम धरलं. मैदानाच्या कडेला पारखी पुरुषांची रांग बसायची, त्यांत ही एकटी बाई. ते तिला फार आदरानं खुर्ची द्यायचे आणि तिचं मत मात्र कधी विचारायचे नाहीत.

लेउरिसला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिनं बंदूक खाली ठेवून बॅटरांचे पाय पाहिले होते. जी पोरं वेगवान पिचरांना ठोकून चेंडू काटेरी झुडपांत घालवत, तीच याच्यासमोर कुणी कॉफीत मीठ घातल्यासारखी तोंडं करून परत येत होती. जोराचा चेंडू असो की हळू, लेउरिसचा हात एकाच झपाट्यानं फिरायचा. चेंडू कुठला ते निघून गेल्यावरच कळायचं. हे सगळं तिनं पाहून घेतलं होतं. आज तिला एवढंच बघायचं होतं, की सगळं विरुद्ध जातं तेव्हा हा पोरगा काय करतो.

"आज सामन्यात पंच तुम्हीच ना?" तिनं फेयोला विचारलं. "एक डाव त्याचे चांगले बॉल वाईट द्या."

"लबाडी करू? माझ्याच पोराशी?"

"एकच डाव. वाटलं तर पाप माझ्या नावावर घाला."

फेयो कुरकुरत उठला, पण लबाडी त्यानं अगदी मन लावून केली. बॅटरपुढच्या प्लेटच्या मधोमध गेलेले चेंडू त्यानं डोळ्यांची पापणी न हलवता वाईट ठरवले. चार वाईट चेंडूंमागे एक, असे दोन बॅटर फुकटात पुढे गेले. लेउरिसचे सवंगडी ओरडायला लागले. कुणीतरी फेयोला चष्मा लावायला सांगितलं, कुणी त्याच्या आईची चौकशी केली. लेउरिसनं टोपी काढून कपाळ पुसलं, चेंडू हातात फिरवत थोडा वेळ तो बॅटरकडे बघत उभा राहिला. मग त्यानं एक हळू चेंडू फेकला, इतका सोपा, की बॅटरला मोह आवरला नाही. त्यानं तो जमिनीवर ठोकला, तो थेट लेउरिसच्या पुढ्यात आला आणि एकाच वेळी दोघं बाद झाले. पुढचाही तसाच फसला. डाव संपला.

नेरेइदानं त्याला बाजूला बोलावलं. "पंच आंधळा झालाय हे कधी कळलं?"

"दुसऱ्याच बॉलला, दोन्या नेरेइदा," तो अदबीनं म्हणाला.

"राग नाही आला?"

"आला ना. पण रात्री यांच्याच घरी जेवायचंय." तो हसला, मग गंभीर झाला. "पंच काही देत नाही म्हटल्यावर बॅटरकडूनच काढून घ्यायला हवं. तो पुढचा पाय लवकर उघडत होता. मारायची घाई होती त्याला. मग म्हटलं, मार बाबा."

नेरेइदानं बंदूक पिशवीत टाकली. गाडीत बसून तिनं तिथूनच उर्दानेताला फोन लावला. उर्दानेता मूळचा व्हेनेझुएलाचा, क्लबासाठी या भागातली सगळी निवड त्याच्या हातात.

"चौऱ्याऐंशी?" तो म्हणाला. "नेरेइदा, माझी आजी मक्याची आरेपा थापते तिचा हातसुद्धा याच्याहून जोरात चालतो."

"आजीला घेऊन या, साहेब. तिलाही बाद करेल तो."

पलीकडून हसू आलं. "त्याला गुरुवारी बोका चिकाच्या अकादमीत आण. पण एक सांगतो, माझा दिवस वाया गेला तर पुढच्या वेळी तुझा फोन उचलताना मी विचार करेन."

गुरुवारी क्लबाच्या अकादमीत कुंपणाला लागून सगळे प्रशिक्षक उभे होते. हिरवळ इतकी सारखी कापलेली, की लेउरिसनं आधी वाकून तिला हात लावून पाहिला. समोर पहिला बॅटर योस्कार, क्लबाचा लाडका, दंड नारळाच्या बुंध्यासारखे. लेउरिसनं पहिला चेंडू जोरात फेकला आणि योस्कारनं तो कुंपणापलीकडे झाडांवरून पार भिरकावला.

उर्दानेतानं बंदुकीकडे पाहिलं, मग नेरेइदाकडे, आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. फेयो नेरेइदाच्या शेजारी पुटपुटत कुठल्याशा संताला नवस बोलत होता.

लेउरिसनं चेंडू दिसेनासा होईपर्यंत पाहिला, जणू दुसऱ्याच कुणाचा होता. मग हात पुढे करून दुसरा मागितला.

पुढचे बॅटर आले आणि गेले. एकाची बॅट हवेत फिरली, एकानं चेंडू स्वतःच्याच पायावर मारून घेतला, एक तर इतका आधी फिरला की गुडघ्यावर बसला आणि त्याचे मित्र खो खो हसले. पुन्हा योस्कार आला. या वेळी तीन हळू चेंडू, तीन वेळा बॅट रिकामी.

"मला जोराचा येईल असं वाटलं," योस्कार चिडून म्हणाला. "हळू आहे हे आधी कळलं असतं तर कुंपणापार पाठवला असता."

उर्दानेतानं मान डोलावली. "तेच म्हणतोय मी. ही युक्ती आहे. वरच्या संघांत गेला की महिन्याभरात सगळ्यांना ठाऊक होईल. मग काय करेल हा?"

नेरेइदा कुंपणापासून पुढे झाली. "मग ठाऊक करून देऊ. लेउरिस, प्रत्येक बॉल टाकायच्या आधी त्याला सांग काय येतंय ते. खरं सांगायचं."

फेयोचा नवस तोंडातच राहिला. योस्कारनं बॅट खांद्यावर घेत दात दाखवले. लेउरिसनं खांदे उडवले.

"हळू येतोय," तो म्हणाला.

हात तसाच झपाट्यानं फिरला. योस्कारला ठाऊक होतं, तरी त्याच्या अंगाला ते पटलं नाही. हात पाहिला आणि कंबर आपोआप फिरली. चेंडू मागून रमतगमत आला. कुंपणाशी कुणीतरी शीळ घातली.

"परत हळू."

या वेळी योस्कार दातओठ खाऊन थांबला, थांबला, आणि अगदी शेवटी चेंडू खाली वळला. बॅट वरून गेली.

आता आख्खी अकादमी कामं सोडून गोळा झाली होती. स्वयंपाकघरातल्या बायका पदार्थ आचेवर ठेवून दाराशी आल्या होत्या.

"आता जोरात," लेउरिस म्हणाला. "मधोमध."

योस्कार त्याच्याकडे बघत राहिला. हा खोटं बोलतोय असं वाटल्याचं योस्कारच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. चेंडू निघाला, जोरात, मधोमध, सांगितलं होतं तसाच, आणि योस्कार बॅट खांद्यावर ठेवून त्याला जाताना बघत उभा राहिला. झेलणाऱ्याच्या हातमोज्यात तो थाडकन बसला आणि तिसऱ्या चुकीवर योस्कार बाद झाला.

"मी सांगितलं होतं," लेउरिस जरा ओशाळून म्हणाला.

पहिला योस्कारच हसला. बॅट टाकून तो उंचवट्यापर्यंत चालत गेला आणि त्यानं लेउरिसला काखेत धरून उचललं. मग जो गलका उठला त्यात उर्दानेता काय म्हणाला ते नेरेइदाला ऐकू आलं नाही. त्याला जवळ येऊन परत म्हणावं लागलं.

"बंदूक बंद केली मी. दुसऱ्याच बॉलला. आज संध्याकाळी त्याच्या आईकडे जाऊ, सही घेऊ. आणि नेरेइदा, आजीच्या वतीनं माफी मागतो."

"आजींचा काय दोष, साहेब? आकडा तुम्ही पाहिला होता."

संध्याकाळी गाडी साबाना बुएयच्या वळणावर आली तेव्हा बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. मोटारसायकलींची रांग भोंगे वाजवत समोरून आली आणि त्यांना मधे घेऊन गावात शिरली. लेउरिस गाडीच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर निघाला होता आणि पोरं त्याचा डावा हात ओढत होती, तेव्हा फेयो आतून खेकसत होता, "उजवा धरा रे, उजवा."

लेउरिसची आई दोमिंगा अंगणातल्या चुलीपाशी होती. नारळाच्या दुधातला तुरीच्या दाण्यांचा भात रटरटत होता. तिनं मुलाला पाहिलं, पण आधी नेरेइदाकडे आली. पळी हातातच होती.

"सगळे आले आणि याची मनगटं बघून गेले," ती म्हणाली. "तुम्ही काय बघितलंत?"

"तुमचा पोरगा घाबरत नाही," नेरेइदा म्हणाली. "आणि समोरच्याला काय हवंय ते त्याला दिसतं."

दोमिंगानं मान हलवली, जणू हे तिला कुणीतरी केव्हाच सांगायला हवं होतं. मग पदराला तोंड पुसावं तसे तिनं एप्रनला डोळे पुसले आणि पळी शेजारणीच्या हाती दिली. उर्दानेतानं पलीकडे मोटारीच्या टपावर कागद ठेवले होते. तिनं सही केली, लेउरिसनं केली आणि त्याबरोबर शेजारच्या दुकानदारानं बाहेरच्या मोठ्या कर्ण्यांवर गाणी लावली. फेयो भर रस्त्यात एकटाच नाचायला लागला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाय मात्र ताल सोडत नव्हते. दोमिंगानं नेरेइदाचा हात धरून तिला ओढलं.

"माझा खांदा गेलेला आहे," नेरेइदा म्हणाली.

"नाचायला खांदा कशाला लागतो, बाई? कंबर आहे ना?"

होती. नेरेइदानं चपला कुंपणाशी काढल्या आणि धुळीत उतरली.