निघालेल्याला कुठे विचारत नाहीत

तुम्ही रसिकाला नापास केलंत ते तिला इटालियन येत नाही म्हणून नव्हे. तिचा प्रश्न तुमच्या कागदावर छापलेला नव्हता म्हणून.

मी रत्नदीप. वर्तकनगरला फर्निचर पॉलिशचं काम करतो आणि रविवारी दिवा स्टेशनजवळ चार पोरींना इटालियन शिकवतो. डिग्री नाही. जुनी पुस्तकं आणि मोबाईल, एवढ्यावर शिकलो.

रसिका त्या चौघींतली. ठाण्यात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. इटलीतल्या एका वृद्धाश्रमाने तिला नोकरी दिलीय. अट एकच, तीस तारखेच्या आत तुमच्या तोंडी परीक्षेचं सर्टिफिकेट. ती दोन मार्कांनी राहिली. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.

परीक्षा देऊन आली तेव्हा मी टेंभी नाक्यावर उभा होतो.

"काय विचारलं?"

"चित्र होतं, दादा. शेजारी तीन बॅगा घेऊन घरातून निघालाय. म्हणाले, त्याला प्रवासाबद्दल विचार."

"सोपं की! दोवे वाई? कुठे चाललास?"

"तेच तोंडातून निघेना! निघालेल्याला कुठे म्हणून टोकतात का? आई लाटणं फेकून मारेल."

"मग काय विचारलंस?"

"लोन्तानो वाई? लांब निघालास?"

"अगं, तो चित्रातला माणूस!"

"असू दे. त्याची गाडी चुकली तर?"

आमच्या घरी असले शकुन पाळत नाहीत. यावरून तिला मी कितीदा झापलंय. पण त्या दिवशी हसता हसता थांबलो, कारण तिचं इटालियन बरोबर होतं.

इटालियन माणूस सहज विचारताना 'वाई लोन्तानो' म्हणेल, 'लांब' शेवटी. पण तीन बॅगा बघून चकित झाला, तर ज्या शब्दावर जोर तो उचलून पुढे आणेल. लोन्तानो वाई? साध्या प्रश्नात सुरुवातीची ती जागा एकाच शब्दाची. तिथे 'कुठे' बसला की जोराच्या शब्दाला जागा उरत नाही. रसिकाने 'कुठे' बसवलाच नव्हता. जागा मोकळी होती.

निकाल लागल्यावर आम्ही दोघं तुमच्या ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या आसावरी मॅडमनी तुमचा शेरा दाखवला. 'प्रश्नार्थक शब्द नाही. क्रम चुकला.'

"सगळे दोवेनेच सुरू करतात हो," त्या म्हणाल्या.

"सगळे म्हणजे इटलीतले?"

"मागच्या बॅचचे." मग आवाज खाली आणून रसिकाला म्हणाल्या, "चूक मान्य आहे असं लिहून दे. पुढच्या वेळी पहिल्या दिवशीची तारीख देते."

रसिकाने पेन घेतलं. टोपण काढलं. मला वाटलं, लिहितेय आता. दमली होती पोरगी.

"मॅडम, चूक झाली असती तर लिहिलं असतं," ती म्हणाली. "फेरतपासणीचा फॉर्म द्या."

तो फॉर्म या कागदासोबत आहे. आज चोवीस तारीख. परीक्षेचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, जन्मापासून इटालियन बोलणाऱ्या कुणालाही ऐकवा. आणि मला लेखी सांगा, तुम्ही त्या पोरीची भाषा तपासलीत की पाठांतर?