बोळवण

कडूबाईनं मोबाईलची काच पदरानं पुसली आणि तो तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. वालूरात दिवेलागण झाली होती, तिकडं कॅनडात सकाळ. काचेत आधी नातीचं, सृष्टीचं नाक दिसलं, मग तिच्यामागं साड्या नेसून उभ्या असलेल्या महालक्ष्म्या. पितळी मुखवटे वालूरच्या घरचेच, धाकटीच्या गालावर पोचा आलेला.

उन्हाळ्यात जीवन म्हणाला होता, "आई, नेतो तिकडं. पोरीला कळू दे आपल्या घरचं." तिनं धुवट लुगड्यात गुंडाळून दिलेही. काय म्हणावं या अकलेला! पोरगा दर भादव्यात यायचा तो महालक्ष्म्यांसाठीच यायचा, हे तिला या भादव्यात कळलं. कोपऱ्यात तिनं सवयीनं तिवया मांडून साड्या नेसवल्या होत्या. वर तोंडं नव्हती.

"आई, आज तिसरा दिवस," सून प्रियांका म्हणाली. "बोळवण कशी करायची, सांगा ना."

कालपासून कडूबाई याचंच उत्तर घोकत होती.

"बोळवण तिकडं होत न्हाई बाई. मूळ घरीच करावी लागती. मुखवटे घेऊन तुमाला इकडं यावं लागंल."

उभ्या जन्मात देवाच्या नावावर ती खोटं बोलली नव्हती.

"आत्ता रजा न्हाई मिळायची, आई," जीवन म्हणाला.

"मग बोळवण करायचीच नाही," प्रियांकाचा चेहरा एकदम खुलला. "राहू देत बारा महिने इथंच. त्यांना डब्यात घालू नका म्हणून सृष्टी सकाळपासून रडायलीय."

"म्हणजे कधीच नाही जाणार?" सृष्टीनं टाळ्या वाजवल्या.

कडूबाई मोबाईलकडं सरकली. बोळवण न करता लक्ष्म्या कोंडून ठेवायच्या, त्याही लेकराच्या घरात? खोटं आपलं आणि दोष त्याच्या माथी. तिला रडू आवरेना, तरी तिनं आवरलं.

"थांब प्रियांका. इसरले होते मी. तिकडंबी होती बोळवण."

"नक्की ना आई?"

"नक्की. अक्षता घे मुठीत. थोरलीला आधी, मंग धाकटीला. मुखवटा जरासा हालीव. आता हात जोडून म्हण, पुढल्या साली आमच्या घरी या."

आईच्या आधी सृष्टीच म्हणाली. कुठं अडखळली नाही.

"लय छान म्हणलीस बाय," कडूबाई म्हणाली.

तिच्याही मुठीत अक्षता होत्या. टाकायला समोर मुखवटा नव्हता. काचेत जीवन वाकून मुखवटे उचलत होता. तिनं त्या अक्षता त्याच्या कपाळावर टाकल्या. तांदूळ काचेवर वाजले.

"कसला आवाज झाला, आई?"

"काही न्हाई रं," ती म्हणाली आणि डब्याखाली सांडलेले दाणे वेचायला लागली.