सोनाबाईच्या अंगातली देवी

"देवीचा ठेका वाजव. आन् मी घुमाया लागली का थांबू नको. मेलास तरी थांबू नको!" सोनाबाईनं दम भरला, तेव्हा वाल्मिक कोपऱ्यात बसून ढोलकी चढवत होता.

कडावच्या त्या वृद्धाश्रमात तो महिन्यातून एकदा यायचा. त्याचा जोडीदार सखा पेटीवर, हा ढोलकीवर. चार अभंग, एखादी गवळण, जुनी गाणी. म्हातारी माणसं टाळ्या वाजवायची, चहा व्हायचा, की मंडळी मोकळी. आणि ही बया आज भलतंच मागत होती.

"मावशे, देवीशी खोटं खेळू? बापानं ठेका शिकवला तवाच सांगितलंय, गंमत म्हणून वाजवशील तर हात झडतील."

"ते पाप माझ्या माथी. आज माझा वाढदिवस, प्रवीण येतोय. पोरगा माझं आयकत नाय, पन देवीपुढं चळचळा कापतो. देवीनं सांगितलं तर नेईल मला नेरळला. हितं नाय रं मरायचं मला, वाल्मिका."

शेवटी तिचा आवाज असा चिरकला, की तो शब्द देऊन बसला.

प्रवीण आला, पेढ्यांचा मोठा बॉक्स घेऊन पहिल्या रांगेत बसला. दोन अभंग झाले. तिसऱ्याला सखानं सूर धरला आणि वाल्मिकनं मनात देवीची माफी मागून ठेका बदलला. सखा बघतच राहिला. सोनाबाई खुर्चीतून उठली, अंबाडा सुटला, आणि हुंकार देत ती घुमू लागली.

"अहो, थांबवा ते!" आश्रम सांभाळणारी माधवी ओरडली. "कमरेचं ऑपरेशन झालंय त्यांचं!"

वाल्मिकचे तळवे घामानं निसटत होते. म्हातारी पडली तर? मोडलेली कमर पुन्हा मोडली तर? पण दिलेला शब्द दिलेला. तो वाजवत राहिला. एक मात्र त्याला दिसत होतं: प्रत्येक समेवर तिचं पाऊल अचूक पडत होतं. अंगात आलेलं खरं वारं ठेका मोजत नाही. हे प्रवीणच्या ध्यानात आलं, तर संपलंच.

प्रवीण पांढराफटक पडला होता. तो गुडघ्यांवर पुढं सरकला. "आई, काय चुकलं माझं? बोल!"

"माझं झाड हितं का आणून टाकलंस?" देवी कडाडली. देवी जिच्या अंगात येते, ती तिचं झाड. "घरी ने तिला! आजच्या आज!"

"नेतो, आई! पोरांची शपथ, आजच नेतो!"

जमलं की! वाल्मिकनं ठेका हळूहळू उतरवायला घेतला. आता तिनं दमून खाली बसावं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात वॉकर खडखडवत इंदूबाई पुढं आली. जन्मभर कर्जतच्या शाळेत गणित शिकवलेली, अंगात येण्याला नाक मुरडणारी इंदूबाई! वॉकर सोडून तिनं सोनाबाईच्या पायांवर लोटांगणच घातलं.

"देवी, माझा देवव्रत येईल का गं मला न्यायला?"

देवव्रत परदेशात. बाईला दाखल करून गेला, त्यानंतर त्याचा साधा फोन नाही, हे आश्रमातल्या मांजरालाही ठाऊक होतं. सोनाबाईचं पाऊल पहिल्यांदा चुकलं.

"येईल," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती बिचारी?

"मग तो येईपर्यंत अन्नाचा कण घेणार नाही मी. हा माझा नवस!"

"इंदूताई, वेड लागलंय का? साखर आहे तुम्हाला, इन्सुलिन चालू आहे!" माधवी धावली.

"देवीनं सांगितलंय. आता तो येणारच."

मागं आणखी दोघं म्हातारे हात जोडून उभे राहिले होते. गप बस गं मावशे, वाल्मिक मनात म्हणाला, तुझं काम झालंय. भूक लागली की खाईल ती. पण इंदूबाई कसली हट्टी, हे त्यालाही माहीत होतं आणि मावशीलाही.

सोनाबाईनं एकदा लेकाकडं पाहिलं. मग ती मधेच थांबली. वाल्मिकची दोन बोटं ढोलकीवर एकटीच वाजली आणि थिजली. कमरेला हात लावत, कण्हत ती जमिनीवर टेकली आणि तिनं इंदूबाईचं तोंड ओंजळीत धरलं.

"ऊठ इंदूताई. जेवन सोडू नको. देवी नाय आली गं, मीच हाय, सोना. घरी जायाला नाटक केलं. तुझा पोरगा येनार का नाय, मला काय ठाव?"

प्रवीण उभा राहिला. त्याच्या तोंडावर रंग परत आला. तो रागाचा असता तर वाल्मिकनं सोसला असता. पण माणूस चक्क सुटल्यासारखा दिसत होता.

"वाटलंच मला," गुडघे झटकत तो म्हणाला. "चल आई, निघतो. तब्येतीला जप."

उठून त्याची गचांडी धरावी, असं वाल्मिकला वाटलं. पण तो ढोलकीच्या दोऱ्या सैल करत बसला.

"माधवी, हिचं ताट आन," सोनाबाई म्हणाली. "माझ्यासमोर जेवंल ती."

ताट आलं. इंदूबाई मुसमुसत होती, सोनाबाई वरणभात कालवत होती. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा तिचा हात ताटातच थांबला. आवाज फाटकाबाहेर जाऊन विरेपर्यंत तसाच राहिला. मग तिनं घास केला आणि इंदूबाईला म्हणाली, "आ कर."