आग्लाकच्या पोटाची ऊब

मी एक जुनी रायफल आहे. मित्रांनो, माझ्यात आत्ता एकही काडतूस नाही, तेव्हा जरा जवळ सरकलात तरी चालेल. मात्र नळीसमोर बसू नका. रिकाम्या बंदुकीसमोरही बसायचे नसते, हे आमच्या गावातल्या पोरांना बोलता येण्याआधी समजते.

मी दूरच्या एका कारखान्यात घडले आणि जहाजातून या बर्फाळ किनाऱ्यावरच्या दुकानात येऊन पडले. माझ्या शेजारी एक थोराड, चकचकीत रायफल उभी असे. तिची गोळी अंगठ्याएवढी. आमच्याकडे पांढरी अस्वले थेट दाराशी येतात, म्हणून जो येई तो आधी तिलाच हात लावी. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे.

एके दिवशी आग्लाक नावाचा शिकारी आला. त्याने सीलच्या कातड्याचे जाड हातमोजे काढलेच नाहीत. मी रिकामी असल्याची खात्री करून त्याने तसाच माझा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा पोलादी दांडा, मागे ओढला, पुढे ढकलला. मग डोळे मिटून मला खांद्याला लावले आणि डोळे उघडून पाहिले. माझी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, बरोबर त्याच्या नजरेच्या रेषेत होती.

दुकानदार म्हणाला, "अस्वलासाठी घेतोयस ना? मग ती मोठी घे. हिनं अस्वलाला फार तर खाज सुटेल."

"मोठी तूच ठेव," आग्लाक म्हणाला. "तसल्या बंदुकीनं माझ्या मेव्हण्याचा खांदा काळानिळा केला. आता तो घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतो. अस्वलापुढं डोळे मिटणारा माणूस म्हणजे आयतं जेवण."

अशी मी निवडली गेले. पुढे कित्येक हिवाळे मी त्याच्या खांद्यावर काढले. सील मारले, रेनडिअर मारले, दोनदा अस्वलही मारले. लोक म्हणत, आग्लाकची बंदूक चुकत नाही. ऐकून मला धन्य वाटे.

पण घरी आल्यावर काय होई सांगू? आग्लाक मला बाहेरच्या बर्फगार पडवीत उभी करी आणि दार लावून घेई. आजारी पिल्लू आत जाई, गोठलेला मासासुद्धा आत जाई. मी मात्र बाहेर. थंडी सुरू झाली की तो माझ्या अंगावरचे तेलही पुसून काढी. आतून चहाचा वास आणि हसण्याचा आवाज येई आणि मला रडू फुटे. गरज सरो आणि वैद्य मरो, असेच का हे, मी मनात म्हणे.

वर्षे गेली. आग्लाकचे डोळे अधू झाले, मग पुरते गेले. आता मासेमारीच्या तळावर राखण कोणी करायची? ते काम त्याच्या लेकीवर, नाउयावर आले. नाउयाला अस्वलाची फार भीती वाटे. लहानपणी एका अस्वलाने तिच्या उशाशीच तंबू फाडला होता. तिच्या नवऱ्याने, जोआमीने, तिच्यासाठी एक नवी दांडगी रायफल आणली. नाउयाने ती झाडून पाहिली. दुसऱ्याच गोळीला तिचे डोळे घट्ट मिटले. मग तिने मला उचलले.

"अताताची बंदूक मला झेपते," ती म्हणाली. आमच्याकडे बापाला अताता म्हणतात.

ती मला आपल्या घरी घेऊन गेली. पडवीत नव्हे, आत, शेगडीजवळ! मऊ फडक्याने पुसले, भरपूर तेल पाजले, भिंतीवर टांगले. जाता येता ती माझ्या दस्त्यावरून हात फिरवी. मित्रांनो, इतकी माया मला कधी मिळाली नव्हती. मी सुखावले. आग्लाक आपल्या घरी होता. त्याला हे कोणी सांगितले नाही.

समुद्र गोठू लागला तशी बाप-लेक जोआमीबरोबर तळावर गेली. वाटभर मी बर्फावरच्या घसरगाडीवर थंडीत पडून होते. माझ्या पोटात काहीतरी आखडल्यासारखे होत होते, पण मी दुर्लक्ष केले. जोआमी इंधन आणायला गावी परतला. तंबूच्या दाराशी आग्लाक बसला होता, नाउया मासे रचत होती. दुपार होती. बांधलेला कुत्रा भुंकायला लागला आणि मग एकदम गप्प झाला.

आमच्याकडे कुत्र्याच्या भुंकण्याला कोणी भीत नाही. त्याच्या गप्प होण्याला भितात.

अस्वल माशांच्या ढिगापलीकडे उभे होते. डोके खाली, मान लांब. नाउयाने मला उचलले आणि घोडा दाबला. माझ्या आत नुसते मऊसे ठप झाले. गोळी सुटली नाही. मी माझ्या जिवाच्या आकांताने जोर लावत होते, पण शेगडीच्या उबेत धरलेली वाफ आणि ते प्रेमाने पाजलेले तेल माझ्या बोल्टमध्ये गोठून घट्ट झाले होते.

आग्लाकने तो आवाज ऐकला. त्याने मान वळवली नाही. हळूच विचारले, "हिला घरात ठेवत होतीस, पोरी?"

"हो." ती कुजबुजली. "शेगडीपाशी. तेल घालून."

"बरं. बोल्ट काढ नि माझ्याकडं दे. पळू नकोस. ते कुठवर आलंय?"

"मासे हुंगतंय."

"हुंगू दे."

तिच्या हातून बोल्ट एकदा घसरला, मग निघाला. आग्लाकने अंगरखा वर करून ते बर्फासारखे पोलाद उघड्या पोटाशी धरले. त्याचा चेहरा आवळला, पण तोंडातून हूं की चूं नाही. मी नाउयाच्या हातात पोकळ नळी होऊन राहिले. माझ्यातून आता आरपार दिसत होते, आणि पलीकडच्या टोकाला ते पांढरे अंग होते. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नाही. अस्वल मासे सोडून आमच्याकडे चालू लागले.

"अताता, येतंय."

"येऊ दे. मला सांगत राहा."

"गाडीपाशी आलं."

आग्लाकने बोल्ट पोटापासून उपटला. त्याला कातडीचा तुकडा चिकटून आला. बाहीने बोल्टचे ओघळणारे तेल पुसून त्याने तो लेकीच्या हातात दिला. "पुढच्या पायांसमोर मार. नाही वळलं तर छातीत. डोळे उघडे ठेव."

नाउयाने बोल्ट बसवून काडतूस चढवले. तिचे डोळे उघडे होते. मी गर्जले. बर्फ उसळून अस्वलाच्या तोंडावर आदळले. ते मागच्या पायांवर उठले, आमच्याकडे पाहत राहिले. तिने दुसरे काडतूस चढवले. ते पुन्हा चार पायांवर आले, वळले आणि रमतगमत निघून गेले.

नाउयाने माझी नळी खाली केली. "अताता, मी तिला जपत होते."

"जपलंस गं," तो पोटावर हात दाबून म्हणाला. "फक्त तिला काय सोसत नाही ते विचारायचं राहिलं."

तेव्हा कुठे मला पडवी समजली. कोरड्या थंडीत राहिले म्हणून मी कधी गोठले नव्हते. ज्याला मी उपेक्षा म्हणत होते, तीच माझी देखभाल होती.

जोआमी आला. बर्फावरचे पंजांचे ठसे पाहून तो पांढराफटक पडला. त्याने नवी रायफल पुढे केली. "बास झालं. ही घे. त्या म्हातारीनं आज तुझा जीव घेतला असता."

नाउयाने दोन्हींकडे बराच वेळ पाहिले.

मित्रांनो, आपल्या माणसांवर, जनावरांवर, वस्तूंवर जरूर माया करा. पण आपल्याला जे आवडते ते त्यांच्या गळ्यात घालू नका. त्यांना काय मानवते ते आधी समजून घ्या. नाहीतर मायेनेही घात होतो.

नाउयाने मलाच उचलले.

"हिचं कुठं अडतं ते मला आज कळलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "तुझ्या नवीचं कुठं अडतं, ते मला अजून माहीत नाही. आणि ते कळायच्या दिवशी अताताचं पोट जवळ असेलच असं नाही."