पायाळू रूपालीचे हात

पालथे झोपा.

नाशिकच्या दवाखान्यात रूपाली हे दिवसभर म्हणायची. आज मळ्यात, खाटेवर तिचे वडील, नाना होते; न सांगताच पालथे पडलेले, मान वळवून तिच्या पायांकडे बघत.

रूपाली पायाळू. जन्मताना आधी पाय आले. अशा माणसाचा पाय लागला की कमरेतली उसण जाते, हे सिन्नरजवळच्या त्या वस्तीवर कुणाला समजावून सांगावं लागत नसे. लहानपणी फ्रॉक सावरत ती आडव्या माणसाच्या कमरेला डावा पाय लावायची आणि लगेच त्याच माणसाच्या पाया पडायची. नाना शेजारी उभे. मिशी वर.

मग ती फिजिओथेरपी शिकली. २००४ साली नोकरीला लागली. नाना लोकांना अजून पायाचंच सांगत.

आता दसरा तोंडावर आला होता. झेंडूची करंडी उचलायला नाना वाकले ते वाकलेलेच राहिले.

"लाव की पाय," नाना म्हणाले.

"कळ कुठवर जाते?"

"कमरंत हाय. पोटरीत मुंग्या. आता लाव."

तिने त्यांना उताणं केलं, पाय सरळ ठेवून हळूहळू वर उचलला. अर्ध्यातच नाना कण्हले.

कुशीवर वळा.

हे ती म्हणाली नाही. कुशीवर वळवायचं, खांदा एकीकडे दाबायचा, कंबर दुसरीकडे आणि एक झटका. कड्. तो आवाज ऐकला असता तर खाटेपाशी बघत उभे असलेले शेजारचे झुंबर आणि ठमाबाई, दोघंही गार झाले असते. झटका तिला सुरेख जमायचा. सर वर्गापुढे तिलाच करायला लावत. शेवटच्या वर्षी तिने काही रुग्णांना झटका दिला, काहींना नुसता संथ दाब, आणि तुलना केली. झटका जिंकेल अशी तिची खात्री होती. दोन्हीकडची माणसं जवळपास सारखीच बरी झाली. सर म्हणाले, "मग आता माणूस बघून ठरव."

माणूस नाना होते. पोटरीत मुंग्या म्हणजे नस दबलेली, झटका नको. राहिला दाब. त्यात ना आवाज, ना चमत्कार. एवढं शिकून लेक कंबर चेपायला लागली, असं नाना म्हणतील. तिला तर त्यांच्या तोंडून एकदाच ऐकायचं होतं, की हात चांगले आहेत.

पुन्हा पालथे व्हा.

तळहाताचा मनगटाकडचा भाग कमरेच्या मणक्यावर. दाब. सोड. दाब. सोड.

"कणीक मळती का काय," झुंबर म्हणाला. ठमाबाई तोंडावर पदर धरून हसली.

"काका, मळताना कणीक बोलत नसते. तुम्हीपण बोलू नका. नाना, मुंग्या?"

"पोटरीत."

दाब. सोड.

"आता?"

"गुडघ्यामागं."

दाब. सोड. मग तिने त्यांना स्वतःच्या हातांवर रेटा देऊन छाती उचलायला लावली. पुन्हा. पुन्हा.

"आता?"

नानांनी पाय हलवून पाहिला. "पायात नाय. कमरंत मात्र लय दुखतंय."

"दुखू दे. पायातून वर सरकलं, हे चांगलं आहे."

उभे राहा. चाला.

नाना बांधापर्यंत गेले, परत आले. थोडे तिरके, पण कुणाचा हात न धरता. तोवर झुंबर रिकाम्या खाटेवर पालथा झाला होता. "माझ्याबी कमरंला लाव गं बाई पाय. सकाळधरनं चमक हाय."

"ऊठ," नाना म्हणाले.

"अवो नाना, नुस्ता अंगठा..."

"तिचे पाय तिला राहू दे. हात बघ तिचे. पाय काय, जन्मताना आला तसा आला. हात तिनं शिकून केलेत." झुंबर अजून पडलेलाच बघून त्यांनी खाट हलवली. "नाशिकला जा. नंबर लाव. तिथं सगळे बसत्यात तसा बस."

एवढं बोलून ते आणखी एक चक्कर मारायला निघाले. रूपालीने सांगितलं नव्हतं. पाठ अजून वाकलेली होती. मान मात्र वर.