धोंडाबाईचं चाक

संक्रांत तोंडावर आली आणि सोपान कुंभाराचा उजवा हात मोडला. माती खणताना दरड अंगावर आली. जीव वाचला एवढंच. भाटघरच्या बाजूच्या त्या गावात संक्रांतीची सुगडं घरोघर द्यायची ती सोपाननंच, असा पिढीजात हक्क. बाजीराव पाटील विचारपूस करून गेले आणि जाताजाता म्हणाले, "निवांत बरं व्हा. सुगडं औंदा आमी भोरहून आणू." एकदा बाहेरून आणली की हक्क कायमचा गेला! सोपानच्या बायकोनं, धोंडाबाईनं, मनाशी ठरवलं, सुगडं आपणच घडवायची.

तिला माती मळण्यापासून मडकं थापटण्यापर्यंत सगळं येत होतं. फक्त चाकावर बसणं बाईला वर्ज्य. का म्हणून विचारलं की सासू अक्काबाई म्हणायची, "बाईच्या मनगटात तेवढा जोर न्हाई." आणि ते अगदीच खोटं नव्हतं. जडशीळ चाक जमिनीत रोवलेल्या खुंट्यावर घासत, कुरकुरत फिरायचं. काठीनं घुमवताना सोपानसारख्या गड्यालाही धाप लागायची.

गावातला भिमा किकवीच्या गॅरेजात ट्रक दुरुस्त करायचा. धोंडाबाईनं त्याला वाटेतच गाठलं.

"भिमाभाऊ, ट्रकाचं चाक एवढं ओझं घेऊन पळतं. आमच्याच चाकाला काय धाड भरलीया?"

"वयनी, सारवलेल्या जमिनीवर वाळलं वाटाणं सांडलं अन् त्यावर पाय पडला तर?"

"आपटते की!"

"मग त्येच. ट्रकाच्या चाकात पोलादी गोळ्या असत्यात. लोखंडाला लोखंड घासत न्हाई, मधल्या गोळ्या गडगडत ऱ्हात्यात. बेरिंग म्हणत्यात त्याला."

भिमानं ट्रकातून काढलेलं, पण अजून धड असलेलं एक बेरिंग आणलं आणि चाक नि खुंटा यांच्यामध्ये ठोकून बसवलं. सोपान गळ्यात हात बांधून शेजारी बसला, अक्काबाई पाठ फिरवून. धोंडाबाईनं काठी लावून दोन हिसके दिले आणि चाक मुकाट्यानं गरगरत सुटलं. एक सुगड उतरलं, दुसरं उतरलं, तरी ते थांबायचं नाव घेईना. धोंडाबाईला हसूच आवरेना. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाई खुळावली.

पण अंगवळणी पडलेली सवय जाते कुठं? चाक जड वाटलं की खुंट्यावर ओल्या हातानं पाणी मारायचं, ही त्या घरातली जुनी रीत. धोंडाबाईनंही नकळत तेच केलं, तेही चिखलाच्या हातानं. जेवणं व्हायच्या आत चाक करकरलं आणि अडकलं.

"बघ!" अक्काबाई गरजली. "बाईचा हात लागला!"

धोंडाबाईचं डोकंच फिरलं. "हात न्हाई आत्याबाई, चिखल लागला! गोळ्यांत माती गेलीया."

तिनं भिमाला बोलावून बेरिंग सोडवलं, रॉकेलमध्ये खळखळून धुतलं, आत ग्रीस भरलं आणि वरून जुन्या ट्यूबचं रबर घट्ट आवळून बांधलं. आता पाणी शिरेल कुठून? त्यानंतर चाक अडकलं नाही. अंगणात सुगडांच्या रांगा लागल्या, मडकी भाजायचा आवा पेटला, तांबूस खणखणीत सुगडं बाहेर आली.

भोगीच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन ती पहिल्यांदा पाटलांच्याच दारात गेली. बाजीरावांनी सुगड वाजवून बघितलं. "आरं वा! सोपानचा हात बरा झाला म्हणायचा."

"त्यांचा हात अजून गळ्यातच हाय, पाटील. हा हात माजा."

पाटलांनी सुगड पुन्हा एकदा वाजवून बघितलं. मग आत वळून ओरडले, "कुणी भोरला जाऊ नका गं! आपली सुगडं आली!"

धोंडाबाई ताठ मानेनं घरी आली, तर चाकाजवळ अक्काबाई! जन्मभर दुसऱ्यासाठी माती तुडवलेली ती म्हातारी पदर खोचून बसली होती, हातात काठी. एक हिसका दिला तसं चाक भिरभिरलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"आगं बघतीस काय? माती दे लवकर! थांबंल ते!"

सोपान हसला. "दमानं घे आये. ते एवढ्यात थांबत न्हाई."