वेशीवरच्या देवाचं आवतण

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुमच्या घरी लग्न आहे आणि घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला बोलवायला तुम्ही गेला आहात. गेटावर विचारतात, "कुठला फ्लॅट?" आणि त्या माणसाला फ्लॅटच नाही. तो उघड्यावर बसतो, ती इमारत यायच्या कितीतरी आधीपासून.

जनीआजी अशीच गेटाबाहेर उभी होती. एका हातात हळद लावलेल्या तांदळांची वाटी, दुसऱ्या हातात पणतीचा, छोट्या रियाचा हात.

जनी बेलपाड्याची धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी बाई. वेशीवरच्या देवाला पहिलं आवतण द्यायचं, हा तिचा नेम. ती गाऊन बोलवी आणि दगडाजवळ उभं राहिलेलं एखादं पोर देवाच्या वतीने "येतो" म्हणे. त्याशिवाय तिने कुणाला हळद लावू दिली नव्हती. आज तिच्याच नातवाची, प्रणितची हळद होती.

गाव खारघरच्या पोटात गेलं, तेव्हा म्हाताऱ्यांनी एक चूक केली. मोजणीवाल्यांना घरं दाखवली, झाडं दाखवली, देव दाखवला नाही. देवाची जागा कोण घेणार, असं त्यांना वाटलं. घेतली.

आता सोसायटीच्या बागेत देवाभोवती पांढरे गोटे आहेत, एक रंगवलेली बैलगाडी आहे आणि वर पाटी आहे : 'आपली ग्रामसंस्कृती'. ग्रामसंस्कृती कुंपणाच्या आत आणि गाव बाहेर! याला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

"काळू, तू तरी समज रं," जनी वॉचमनला म्हणाली.

काळू डोंगरावरच्या वाडीतला. "आजी, माजी नोकरी जाईल. आतून कोनीतरी मोबाईलवर हो म्हनाया पायजे."

"आतला देव हो बोलतंय ना!"

"त्याच्याकडं मोबाईल नाय, आजी," काळू खाली बघत म्हणाला.

तेवढ्यात सोसायटीच्या कमिटीतल्या हेतलबाई बागेतून आल्या. सोबत त्यांची मुलगी भाविका.

"आजी, प्लीज, रूल आहे. तुम्हाला सोडलं तर उद्या अख्खं गाव येईल."

"आमी कुठशी येनार ग बाय? आमी इथंच हाव. आलाव त तुमी!"

हेतलबाई जरा गोंधळल्या. "मग असं करू. काळू देवाचा छान फोटो काढून देईल. तो घरी ठेवा."

"आनि तुजे पोरीचे लग्नान तुजे बापाचा फोटो बोलवशील?"

हेतलबाईंचा चेहरा उतरला. गेट मात्र उघडलं नाही.

जनीने वाटी जमिनीवर ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि तिथूनच गायला लागली.

"येशीच्या देवा रं, मांडवान यावा,
प्रणितचे हलदीला मान तुमी घ्यावा."

ती थांबली. रियाने तोंड उघडलं, तसा जनीने तिचा हात दाबला. "इथशी नाय, पोरी. देव तिकरं हाय."

तिकडे दगडाजवळ 'येतो' म्हणायला एकही पोर नव्हतं. जनीने तीच ओळ पुन्हा धरली. या वेळी आवाज फाटला. जिच्या गळ्यावर गावाची लग्नं लागली, ती बाई आपल्याच देवाला गजांमधून हाका मारत होती.

रिया गजांना चिकटली. "ए, तू! देवाजवळ जाऊन 'येतो' म्हण ना! लहान पोरानंच म्हणायचं असतं!"

"भाविका, चल घरी," हेतलबाई म्हणाल्या.

जनीने तिसऱ्यांदा ओळ म्हटली, आता अगदी हळू, आणि थांबली.

भाविकाने आईच्या हातातून हात सोडवून घेतला. ती धावत गेली, पांढऱ्या गोट्यांच्या कडेशी थबकली आणि खाली वाकून तिने आधी पायातले बूट काढले.